मोहाची ढेप

१

दिघोरीत पहिलं वासरू गुरुवारी पहाटे मेलं. दुपारपर्यंत गोठ्यागोठ्यांत तेच दिसू लागलं. पोट फुगलेलं, तोंडाला फेस, पाय ताठ. संध्याकाळी गावाने उरलेली पोती ट्रॅक्टरमध्ये भरली आणि अड्याळच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या धवलधारा पशुखाद्य कारखान्याच्या फाटकावर आणून ओतली. पोत्यांवर गुटगुटीत वासराचं चित्र छापलेलं होतं. एक म्हातारा त्या चित्राकडे बघत फाटकाबाहेर बसला, तो अंधार पडेपर्यंत उठला नाही.

नागपूरच्या प्रयोगशाळेने निदान चटकन केलं. वासरांच्या खाद्यात युरिया होता. मोठ्या बैलाच्या पोटात थोडा युरिया जिरतो, म्हणून बैलांच्या खाद्यात तो बेताने घालतात. वासराचं पोट कच्चं असतं, त्याला ते विषच. आता प्रश्न एवढाच होता की तो घातला कोणी.

सोमवारी खुशाल हटवार एसटीने अड्याळला उतरले. नागपूरच्या मुख्य कचेरीत ते संगणक विभागाचे प्रमुख होते. प्रमुख म्हणजे, त्या विभागात दुसरं कोणी टिकत नसे. दर वेळी यंत्राने घोटाळा केला म्हणून त्यांना बोलावणं यायचं आणि दर वेळी घोटाळा माणसाचाच निघायचा. सुरुवातीला त्यांना याची गंमत वाटे. आता गुडघे दुखत होते, मे महिन्याचं ऊन डोक्यात उतरत होतं, आणि गंमत कधीच संपली होती. बस पुढे पवनीला जाणार होती. पवनी त्यांचं जन्मगाव, पण तिथे आता त्यांचं कोणी उरलं नव्हतं, म्हणून उतरताना मागे वळून बघायचंही कारण नव्हतं.

कारखान्याचे व्यवस्थापक सोमाजी पडोळे यांनी चहा मागवला आणि एक कागद पुढे सरकवला.

"घ्या साहेब, चोर तं पकडलाच आहे. ऑपरेटर पोरगी, सुलोचना रामटेके. मंगळवारी मिश्रणाचा कागद तिनंच काढला. त्याच्यात युरिया. शनिवारी प्रोग्रामरला तोच कागद माझ्यासमोर पुन्हा काढायला लावला, तर एकदम बरोबर. म्हणजे मंगळवारी तिनं आकडे बदलले आणि मग गुपचूप जागेवर ठेवले. शुक्रवारी सकाळीच तिला फाटकावर थांबवलं, नोटीस चिकटवली. उद्या पोलिसात कागद द्यायचा आहे. तुम्ही फक्त सही करा."

"तिने कशासाठी करावं हे?"

"ते पोलीस विचारतील. आपल्याला काय?"

हटवारांनी पेन काढलं, टोपण उघडलं आणि पुन्हा लावलं. त्यांना खरं तर सही करून साडेचारची बस पकडायची होती. पण नोटीस एका पोरीच्या नावावर होती आणि त्या पोरीला यंत्राचे हुकूम शिकवले होते त्यांनी स्वतः. "उद्या सही करतो," ते म्हणाले. "आधी यंत्र बघू."

२

यंत्राची खोली हीच काय ती कारखान्यातली थंड जागा. फ्रिजएवढं एक पेटारं, दोन हिरव्या अक्षरांचे पडदे, एक छपाईयंत्र, आणि भिंतीवर हार घातलेला फोटो. फोटो सुखराम लांजेवारांचा, कारखान्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ. मागच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. हारातली झेंडूची फुलं वाळून काळपट झाली होती.

"मागच्या सोमवारी वर्षश्राद्ध झालं साहेबांचं," तुलाराम भुरे म्हणाला. "तवा लावला."

तुलाराम हा इथला प्रोग्रामर. तिशीचा, सडपातळ, सतत रुमालाने हात पुसणारा. तो आणि सुलोचना दोघं दिघोरीचे, दोघंही हटवारांच्या नागपूरच्या वर्गात पंधरवडाभर बसलेले. वर्गात हटवार एकच गोष्ट घोकून घेत. या यंत्राशी बोलायचं म्हणजे हुकूम द्यायचा. आधी काय करायचं ते, मग कशावर करायचं ते. दाखवायला डीएसपी, बनवायला सीआरटी, मिटवायला डीएलटी, आणि पुढे वस्तूचं नाव. लाडीगोडी नको, कृपया नको.

दुसरी गोष्ट लायब्ररीची. लायब्ररी म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर पुस्तकं येत, म्हणून हटवार त्यांना कपाट म्हणायला सांगत. यंत्रात प्रत्येकाचं एकेक कपाट. उत्पादनाचं मोठं कपाट वेगळं, कच्चं काम करणाऱ्यांची लहान कपाटं वेगळी. एकाच नावाची फाईल दोन कपाटांत सुखाने राहू शकते. हुकूम देताना कपाटाचं नाव सांगितलं नाही, तर यंत्राकडे कपाटांची एक यादी असते, त्या क्रमाने ते शोधत जातं. सकाळी यंत्र उघडलं की एक छोटा प्रोग्राम आपोआप चालतो आणि ही यादी लावून ठेवतो. मग दिवसभर कोणाला काही बघावं लागत नाही.

हटवारांनी उत्पादनाच्या कपाटातली 'वासरू' नावाची फाईल उघडली. कोंढा, मका, जवसाची ढेप म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, मीठ, क्षार. युरियाचं नाव नाही. छपाईचा प्रोग्रामही बरोबर. कोणी कधी काय केलं त्याच्या नोंदी यंत्र ठेवतं, पण जागा पुरत नाही म्हणून त्या इथे कधीच बंद केल्या होत्या. शिवाय सगळे एकाच नावाने आत शिरत. पासवर्ड कपाटाच्या, म्हणजे खऱ्याखुऱ्या लोखंडी कपाटाच्या, दारावर आतून खडूने लिहिलेला होता.

"छान," हटवार म्हणाले. "चोराला दार उघडं, आणि पाऊलखुणा झाडून स्वच्छ."

तुलाराम हसला नाही. त्याने हात पुसले.

सुलोचनाला आत यायची बंदी होती, म्हणून हटवार फाटकाबाहेर कडुनिंबाखाली गेले. ती तिथे रोज येऊन बसत होती. कामावर घेतलं नाही तरी कामाच्या वेळी हजर राहायचं, असा तिचा हट्ट होता.

"मी एकच हुकूम देते, सर," ती म्हणाली. "वासराच्या मिश्रणाचा कागद काढ. दर मंगळवारी तोच. कागद निगाला, मी फाडला, चिंधूभाऊले देल्ला. बस."

"वाचला नाही?"

"मागं एकदा वाचून विचारलं होतं, तं पडोळे साहेब म्हणे, आकडे कायले वाचतेस, टायपिंग कर."

"गावी गेली होतीस?"

ती थोडा वेळ बोटाने मातीत रेघा ओढत राहिली. "गेली होती. आईले उन्हाळी धानाच्या कापणीले कोनी बोलावून नाही राहिलं. म्हणतात, त्यायच्या पोरीचा हात लागला, म्हणून वासरं मेली. माह्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, सर. आम्हाले वाटलं, हे हात लागनं-बिगनं तवाच संपलं."

तिचा आवाज सपाट होता, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगत होती. हटवारांना राग आला. इतक्या दिवसांनी आपल्याला राग येतो आहे, याचंच त्यांना नवल वाटलं. पण रागाने यंत्र बोलत नाही. तिच्याच हातून निघालेल्या कागदात युरिया होता, हे खरंच होतं.

३

गोदामात चिंधू मिश्रणाच्या मोठ्या ढोलाजवळ उकिडवा बसून बिडी विझवत होता. पोती मोजून ढोलात ओतणं हे त्याचं काम. हटवारांना बघताच तो बचावाला उभा राहिला.

"कागदात होतं, मी टाकलं. मागं एकदा मनानं केलं, तं पगार कापला. आता कागदात गोटे लिवले तं गोटेबी टाकीन."

"तुला कोणी दोष देत नाही, चिंधूभाऊ."

"आज नाही देत. उद्या देतीन. पोट्टीले देऊन झाला का मंग माहाच नंबर." तो जरा निवला. "आन् त्या दिवशी अर्धा घंटा तं मागच्या खोलीत पोती उपसाले लागला. उंदरायनं कुरतडलेली पोती. इतक्या दिसाची पडली होती, ढेकळं झाली होती."

"कसली पोती?"

"मोहाची ढेप. कागदात होती ना."

हटवारांनी खिशातून मंगळवारचा कागद काढला. पडोळ्यांनी पुरावा म्हणून दिल्यापासून तो त्यांच्याजवळ होता आणि सगळ्यांसारखं त्यांनीही त्यात एकच ओळ बघितली होती, युरियाची. तिच्या वरच्याच ओळीत स्वच्छ छापलेलं होतं, 'मोहाची ढेप'.

"ही आपण वासरांना घालतो?"

"वासराले? कडू असते जी. लांजेवार साहेब होते, तवा बैलायच्या खाद्यात पाहाले आनली होती. महागाईचं साल होतं, ढेप सवंग भेटली. साहेब गेले, कोनी हात नाही लावला."

हटवार पोत्यावर बसले. गुडघ्याला बरं वाटलं आणि डोकंही हळूहळू चालू लागलं. एखाद्या पोरीला वासरं मारायची असती, तर तिने युरिया लिहिला असता आणि गप्प बसली असती. तिने मोहाची ढेप कशासाठी लिहावी? मारायला निघालेला माणूस जिन्नस बदलत बसत नाही. हे कोणी रागाने बदललेले आकडे नव्हते. हे पूर्ण विचार करून, तोलून मापून मांडलेलं मिश्रण होतं, फक्त बैलांसाठीचं. आणि असं मिश्रण मांडणारा माणूस भिंतीवर हार घालून बसला होता.

ते यंत्राच्या खोलीत परतले. "तुलाराम, लांजेवार साहेबांचं स्वतःचं कपाट होतं ना यंत्रात? कच्च्या कामाचं?"

"होतं, सर." रुमाल बाहेर आला. "मिटवलं. ते गेले तवाच. तुमच्याच कचेरीची चिठ्ठी आली होती का गेलेल्या मानसाची लायब्ररी मिटवा म्हणून. मी उत्तरबी धाडलं होतं."

उत्तर आलं होतं, हटवारांना आठवत होतं. त्यांनी पडद्यासमोर बसून डीएसपी एवढी तीन अक्षरं दाबली. चौथ्या अक्षराला हात घातला आणि पडदा काळा झाला. पंखा थांबला, छपाईयंत्र थांबलं, खोलीत माश्यांचा आवाज ऐकू येऊ लागला.

"लाईन गेली," तुलाराम म्हणाला. त्याच्या आवाजात एक सुस्कारा होता, आणि तो विजेसाठीचा नव्हता.

४

वीज उद्या सकाळपर्यंत येत नाही, असं कळलं. मग हटवारांनी जीप मागितली आणि दिघोरी गाठली. चौकशी करून फार काही हाती लागेल अशी आशा नव्हती, पण कोंदट खोलीत सोमाजींच्या गप्पा ऐकण्यापेक्षा धूळ बरी.

गावात एकच सूर होता. प्रत्येक दारात वासराचं वर्णन ऐकावं लागलं, कोणाचं तांबडं, कोणाचं कपाळावर चांद असलेलं. आणि प्रत्येक वर्णनाचा शेवट त्या पोरीवर. बौद्धवाड्याच्या बाजूला कोणी बघतही नव्हतं. हटवार ऐकत राहिले, पाणी पीत राहिले आणि मनातून आणखी थकत गेले.

गावाच्या टोकाला एका घरासमोर मांडव घालणं चालू होतं. आंब्याच्या डहाळ्या, बांबू, आणि मधोमध कमरेवर हात ठेवून हुकूम सोडणारी एक म्हातारी. ती तुलारामची आई, चंद्रभागाबाई. मुलाच्या कचेरीतले मोठे साहेब आले म्हटल्यावर तिने खाट झटकली, गुळ-पाणी दिलं.

"पोरीचं लगन हाये जी, परवा. तुमी आलेच पाह्यजे. तुलाराम तं चार दिसापासून नीट जेवूनबी नाही राहिला, बहीण जाते म्हणून."

हटवारांनी मांडवाबाहेरच्या गोठ्याकडे बघितलं. गाय उभी होती, सड भरलेले, आणि सारखी दाराकडे बघून हंबरत होती. तिच्याशेजारी एक रिकामी छोटी दोरी खुंट्याला बांधलेली होती.

"मावशी, वासरू कुठे गेलं हिचं?"

चंद्रभागाबाईचा चेहरा उतरला. "मेलं ना जी. गुरुवारीच. शुक्रवारी मानूस धाडून पोराले सांगतलं. तं तो सांजच्याले आला न् म्हणे, मा, कोनाले सांगू नोको, लगनघर हाये, अपशकुन होते. गावात सारे भांडाले गेले, आमी नाही गेलो."

हटवारांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले. दिघोरीत ज्याचं ज्याचं वासरू मेलं, तो फाटकावर जाऊन ओरडला होता. एकच घर गप्प होतं, आणि ते त्या कारखान्यातच काम करणाऱ्याचं होतं.

निघताना चंद्रभागाबाईने हळदकुंकू लावलेली पत्रिका हातावर ठेवली. जीप हलली तशी हटवारांनी सवयीने पत्रिका उघडली. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, तुलारामच्या आज्याचं नाव, कै. लावून. त्याखाली वडलांचं, तेही कैलासवासी. 'यांच्या कृपाशीर्वादाने'. मग काके, मामे, मावसे, वयाच्या क्रमाने. ज्यांचं लग्न होतं त्यांची नावं शोधायला चष्मा चढवावा लागला.

गेलेली माणसं सगळ्यात वर. ती लग्नाला येत नाहीत, अक्षता टाकत नाहीत, कोणाला काही सांगत नाहीत. त्यांचा फक्त मान असतो. आपल्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही.

"थांबव," हटवार ड्रायव्हरला म्हणाले. जीप थांबली. ते खाली उतरले नाहीत. नुसते पत्रिकेतल्या पहिल्या ओळीकडे बघत बसले. मग म्हणाले, "चल. काही नाही."

५

सकाळी वीज आली. हटवारांनी खोलीत चौघांना बोलावलं. सोमाजी खुर्चीत, तुलाराम पडद्याजवळ, चिंधू दाराशी. सुलोचना आत यायला तयार नव्हती, तेव्हा हटवार स्वतः फाटकापर्यंत गेले आणि तिला घेऊन आले.

"पोलिसांचा कागद तयार आहे ना?" सोमाजी म्हणाले.

"कागद होईल. आधी मला दोन गोष्टी यंत्राला विचारू द्या." हटवार पडद्यासमोर बसले. "सकाळी आपोआप चालतो तो प्रोग्राम, कपाटांची यादी लावणारा. तो कधी तयार झाला, हे यंत्र सांगतं. कोणी केला ते सांगत नाही, कारण तुम्ही सगळे एकाच नावाने शिरता."

त्यांनी हुकूम दिला. हिरव्या अक्षरांत तारीख उमटली.

"शुक्रवार. दुपार. वासरं गुरुवारी मेली, सुलोचनाला शुक्रवारी सकाळी फाटकावर अडवलं. म्हणजे हा बदल तिने केलेला नाही. चिंधूभाऊ या खोलीत येत नाहीत. पडोळे साहेब येतात, पण त्यांना या पडद्यात आपला चेहरा सोडून काही दिसत नाही."

सोमाजींनी खुर्ची पडद्याकडे वळवली.

"आता दुसरी गोष्ट." हटवारांनी यंत्रातल्या सगळ्या कपाटांची नावं मागवली. नावं एकाखाली एक आली. उत्पादन, भांडार, पगार. आणि त्यांच्या खाली, वर्षभरापूर्वी मिटवल्याचं उत्तर ज्याबद्दल आलं होतं ते, 'सुखराम'.

हटवारांनी ते कपाट उघडलं. आत थोड्याशाच फायली होत्या. त्यांतली एक होती 'वासरू'. लांजेवारांची पद्धतच होती. उत्पादनातल्या फायलीची त्याच नावाने नक्कल आपल्या कपाटात आणायची आणि तिच्यावर हवे ते प्रयोग करायचे. खरी फाईल सुरक्षित, प्रयोग मोकळे. पद्धत चांगलीच होती. बैलाच्या खाद्याचा प्रयोगही त्यांनी हाताशी आलेल्या वासराच्याच नकलेवर मांडला होता. नकलेत कोंढा होता, मोहाची ढेप होती, आणि युरिया होता.

"मंगळवारी सुलोचनाने 'वासरू' मागितलं. तिने कपाटाचं नाव सांगितलं नाही, कोणीच सांगत नाही. यंत्राने यादीतलं पहिलं कपाट उघडलं. तिथे 'वासरू' सापडलं, ते दिलं. पुढे बघायची त्याला गरजच नव्हती. गाईचा, बैलाचा कागद बरोबर निघाला, कारण त्या नावाची नक्कल पहिल्या कपाटात नव्हती. पहिलं कपाट लांजेवार साहेबांचं होतं. सोमवारी कोणीतरी ते सगळ्यात वर नेऊन ठेवलं, आणि शुक्रवारी काढून घेतलं." हटवारांनी खिशातून लग्नपत्रिका काढून टेबलावर ठेवली. "असंच ना, तुलाराम?"

तुलारामचा रुमाल खाली पडला. त्याने तो उचलला नाही.

"चिठ्ठी आली तवा मिटवाले बसलो होतो, सर," तो हळू म्हणाला. "डीएलटी लिवलं, साहेबांचं नाव लिवलं. आन् बोट उठेना. त्यायनंच मले इथं लावलं होतं. त्यायचं नाव आपल्या हातानं मिटवाचं म्हंजे... नाही मिटवलं. तुम्हाले खोटंच कळवलं. मंग वर्षश्राद्धाले फोटो लावला, हार घातला. मनात आलं, यंत्रातबी त्यायचं नाव पहिले असाले पाह्यजे. मेलेला मानूस काई काम थोडाच सांगते जी? मले वाटलं, निस्ता मान हाये."

"यंत्राला मान कळत नाही. पहिलं नाव दिसलं की ते त्याचंच ऐकतं. वर्गात सांगितलं होतं मी."

"सांगतलं होतं. त्या दिवशी ते डोक्यात आलंच नाही."

"ती चूक. ती मी समजू शकतो." हटवारांचा आवाज चढला नाही, पण त्यातला थकवा गेला होता. "शुक्रवारी घरून निरोप आला. तुझंही वासरू गेलं. तेव्हा तुला कळलं काय झालं ते. तू ओळ काढलीस. आणि शनिवारी या पोरीला उन्हात उभं करून तू साहेबांसमोर बरोबर कागद काढून दाखवलास. ती चूक नव्हती."

"उद्या बहिणीचं लगन हाये, सर. गावाले कळलं असतं तं वरात दारावरून परत गेली असती."

इतका वेळ सुलोचना भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "माही आई दारातून बाहेरबी निगून नाही राहिली, तुलारामभाऊ. तुमी शनिवारी माह्या बाजूनंच गेले. विचारलं, जेवली का म्हणून."

तुलारामने मान खाली घातली. हटवारांना एक गोष्ट मात्र राहून राहून बोचत होती. एका हुकमात सगळा पुरावा मिटला असता. शुक्रवारपासून या खोलीत तो एकटा होता, आणि आपली नोकरी, बहिणीचं लग्न सगळं पणाला लागलेलं असतानाही लांजेवारांचं कपाट त्याच्याने मिटवलं गेलं नाही. मेलेल्याशी इतका इमानी माणूस, जिवंत पोरीशी असा वागला.

६

सोमाजींना सावरायला वेळ लागला नाही. "चला, झालं. गैरसमज होता. भरपाईचं नागपूर बघेल. पोरीला उद्यापासून कामावर घेऊ. उगा कागदबिगद नको, कंपनीचं नाव खराब होते."

"आरोपाचा कागद कुठे लावला होता?" हटवारांनी विचारलं.

"फाटकावर. पण..."

"मग हाही फाटकावरच लागेल. माझ्या सहीने. तुलारामचं काय ते नागपूर ठरवेल, पण हा कागद आज निघेल." ते उठले आणि खुर्ची सुलोचनासमोर सरकवली. "बस. आधी यादी नीट लाव."

ती बसली. तिने कपाटांची यादी पडद्यावर मागवली आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक नाव वाचलं, बोट पडद्यावर ठेवून. मग कागद छापणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक फायलीपुढे कपाटाचं नाव स्वतः टाकलं, म्हणजे पुन्हा कोणी कोणाला वर बसवलं तरी यंत्राची दिशाभूल होणार नाही. शेवटी तिने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं.

"साहेबांचा मान तिथंच राहू द्या, सर. भिंतीवर. यंत्रात नोको."

हटवारांनी मजकूर सांगितला, तिने टाईप केला. सुलोचना रामटेके हिची काहीही चूक नाही, वासरं कशी मेली, कोणी काय केलं आणि कोणी काय लपवलं, सगळं सरळ शब्दांत. तुलाराम ते ऐकत उभा होता. छपाईयंत्र कुरकुरलं आणि कागद बाहेर आला.

"दोन प्रती काढल्या," ती म्हणाली.

"एक फाटकाला. दुसरी कोणाला?"

"आईले."

"आईला वाचता येतं?"

"नाही, सर. गावाले येते." तिने कागद कडेवरून नीट फाडला आणि तुलारामपुढे धरला. "पन तो वाचाचा तुलारामभाऊनं. मांडवात, सारे जमतीन तवा."

तुलारामने कागद हातात घेतला. "लगन लागल्यावर वाचू का?" त्याने विचारलं.

"लगनाच्या आधी," सुलोचना म्हणाली. "आईले मी घेऊन येईन. ती पुढं बसन."

हटवारांनी दोन्ही प्रतींवर सही केली. तुलारामने आपल्या कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली आणि कोणाकडे न बघता दिघोरीच्या रस्त्याला लागला.